निर्देशांकाच्या आतले आणि बाहेरचे

दर महिन्याच्या मध्याला वर्तमानपत्रांतून महागाईचा नवा आकडा प्रसिद्ध होतो. ‘महागाई दरात घट’ असा मथळा सकाळी वाचून संध्याकाळी बाजारात गेलेला गृहस्थ रिकामे पाकीट आणि अर्धी पिशवी घेऊन परततो, आणि एक जुनाच वाद पुन्हा सुरू होतो. सरकारचे आकडे खोटे आहेत, असे गृहस्थ म्हणतो. लोकांना अर्थशास्त्र कळत नाही, असे तज्ज्ञ म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात थोडेफार तथ्य असले, तरी मुख्य गोष्ट या वादात हरवून जाते. भाव किती वाढले, एवढ्याने महागाईचा प्रश्न संपत नाही. वाढलेल्या भावांचा भार समाजात कोणी उचलायचा, हा त्यातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बाजार एकटा देत नाही. ते शासनाच्या आदेशांत, वेतनाच्या करारांत आणि निवृत्तिवेतनाच्या नियमांत लिहिलेले असते. सामान्य माणसाला अर्थव्यवस्था समजून घ्यायची असेल, तर आरंभ येथूनच केलेला बरा.

दर आणि भाव

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. ज्या जिनसांना गेल्या वर्षी १०० रुपये पडत होते, त्यांना या वर्षी १०६ रुपये पडू लागले, तर महागाईचा दर ६ टक्के झाला. पुढील वर्षी हा दर ४ टक्क्यांवर आला, तर त्याच जिनसांना ११० रुपये २४ पैसे मोजावे लागतील. दर उतरला, भाव मात्र चढलेच. बातमी खरी आणि गृहस्थाची तक्रारही खरी, असे जे घडते त्याचे कारण एवढेच आहे.

आता ज्याचे मासिक उत्पन्न या दोन वर्षांत तेवढेच राहिले, त्याचे काय झाले पाहा. त्याच्या पैशाची क्रयशक्ती नऊ टक्क्यांहून अधिक घटली. कोणी त्याचा पगार कापला नाही, कोणता आदेश निघाला नाही, वेतनपत्रकावरील आकड्याला कोणी हात लावला नाही. तरीही वेतनकपात झाली. उघडपणे नऊ टक्के पगार कापण्याचा प्रस्ताव आला असता, तर कचेरीच्या दारात घोषणा झाल्या असत्या. महागाई हे काम गाजावाजा न करता करते.

पिशवी कोणाची?

निर्देशांक म्हणजे एका ठरावीक पिशवीची किंमत. त्या पिशवीत धान्य किती, तेल किती, घरभाडे किती, औषधे आणि शिक्षण किती, हे कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी करून ठरवतात. मुंबईला या कामाची जुनी परंपरा आहे. मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कार्यालय स्थापन केले, आणि जी. फिंडले शिरास यांनी शहरातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी करून तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध केला. चाळीतल्या खोलीत पगाराचे रुपये कोठे जातात, याचा पद्धतशीर हिशेब तेव्हापासून मांडला जाऊ लागला.

सरकारी नोकरांचा महागाईभत्ता ज्यावरून ठरतो, तो औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्राच्या श्रम मंत्रालयाचा लेबर ब्यूरो तयार करतो. २०२० साली त्याचे आधारवर्ष २००१ ऐवजी २०१६ करण्यात आले आणि ८८ केंद्रांतील किमती त्यात धरल्या गेल्या. या बदलात अन्न व पेयांचा भार ४६.२ टक्क्यांवरून ३९.१७ टक्क्यांवर आला. यात काही कारस्थान आहे, असे समजण्याचे कारण नाही. उत्पन्न वाढले की खर्चातील अन्नाचा वाटा कमी होतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ सालीच दाखवून दिले होते. परंतु याचा व्यत्यासही तेवढाच खरा आहे. ज्याचे उत्पन्न कमी, त्याच्या पिशवीत अन्नाचा वाटा सरासरीहून मोठा असतो.

याचा परिणाम साध्या त्रैराशिकाने कळतो. समजा, अन्न १० टक्क्यांनी महागले आणि इतर साऱ्या वस्तू २ टक्क्यांनी. ज्या घरात खर्चाचा ३० टक्के भाग अन्नावर जातो, त्या घरापुरती महागाई ४.४ टक्के होईल. ज्या घरात ६० टक्के जातो, तेथे ती ६.८ टक्के होईल. दोन्ही घरे एकाच गल्लीत, एकाच दुकानावर माल घेणारी. तरीही त्यांची महागाई वेगळी. सरासरीचा आकडा या दोन्हींच्या मधे कोठेतरी असतो आणि दोघांपैकी कोणालाच तो आपला वाटत नाही.

पिशवीतील वस्तूंचे भार आणि जुन्या मालिकेची नव्या मालिकेशी सांधेजोड हा केवळ संख्याशास्त्रज्ञांचा विषय आहे, असे मानणाऱ्यांनी १९६३ सालची मुंबई आठवावी. शहराचा निर्देशांक खऱ्या महागाईपेक्षा कमी दाखवला जात आहे, असा आक्षेप कामगार संघटनांनी लावून धरला. महाराष्ट्र शासनाला प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली, आणि समितीने निर्देशांकात दोष असल्याचे दाखवून दिले. ज्या कामगारांतील बहुतेकांनी संख्याशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नव्हते, त्यांनी संख्याशास्त्रातील चूक पकडली होती. अर्थव्यवस्था समजण्यास पदवी लागते, या समजुतीला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

एक आकडा, अनेक निर्णय

निर्देशांकाची सत्ता भत्त्यापुरती नाही. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन महागाईचे लक्ष्य ४ टक्के ठरले, आणि खाली २ व वर ६ टक्के अशी मर्यादा आखून दिली गेली. त्यासाठी सहा सदस्यांची पतधोरण समिती आली. ही समिती ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज मिळते तो रेपो दर ठरवते. १ ऑक्टोबर २०१९ पासून घरकर्जासारखी बदलत्या व्याजदराची नवी कर्जे बाहेरील एखाद्या मानक दराशी जोडणे बँकांना बंधनकारक झाले. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दरच निवडला. त्यामुळे मुंबईत घेतलेला निर्णय थोड्याच काळात बार्शीतील किंवा सावंतवाडीतील शिक्षकाच्या हप्त्यापर्यंत पोहोचतो.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. वीस वर्षांच्या मुदतीचे वीस लाखांचे कर्ज ७ टक्के दराने असेल, तर मासिक हप्ता सुमारे १५,५०० रुपये येतो. तोच दर साडेनऊ टक्के झाला, तर सुमारे १८,६०० रुपये. महिन्याला तीन हजारांहून अधिक रकमेचा हा फरक कर्जदाराच्या कोणत्याही उधळपट्टीमुळे पडलेला नसतो. दुसऱ्या बाजूला, व्याजावर जगणाऱ्या निवृत्ताला चढता दर दिलासा देतो खरा. पण महागाईचा दर ठेवीवरील व्याजाच्या वर गेला, की त्याची मुद्दल आकड्याने वाढत असतानाच मोलाने घटत जाते. २०२२-२३ या वर्षात ग्राहक किमतींतील सरासरी वाढ ६.७ टक्क्यांच्या आसपास होती. त्याआधी ५ किंवा साडेपाच टक्क्यांनी ठेव ठेवलेल्यांनी तिच्याशी आपली पावती ताडून पाहावी.

त्याच वर्षी महागाई सलग तीन तिमाह्या ६ टक्क्यांच्या वर राहिली, आणि कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेला त्याची कारणे सरकारला लेखी कळवावी लागली. तो अहवाल त्या वेळी जनतेपुढे ठेवला गेला नाही. ज्यांच्या हप्त्यांवर आणि ठेवींवर या साऱ्याचा परिणाम होतो, त्यांना कारणे कळण्याचा हक्क असला पाहिजे, असे कोणाही विचारी माणसास वाटेल.

भिंतीच्या आत

यापुढचा भाग या पानाच्या अनेक वाचकांना थोडा अडचणीचा वाटेल. तरीही तो मांडला पाहिजे.

आपल्या समाजात उत्पन्नाभोवती एक भिंत आहे. भिंतीच्या आत ज्यांचे उत्पन्न निर्देशांकाशी बांधलेले आहे ते लोक राहतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा महागाईभत्ता बारा महिन्यांच्या सरासरी निर्देशांकावरून काढला जातो, जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा तो बदलतो, आणि राज्य सरकारे मागेपुढे त्याच वाटेने जातात. मान्यताप्राप्त महाविद्यालयातील कायम अध्यापक, सरकारी कचेरीतील लिपिक, जुन्या योजनेतील निवृत्तिवेतनधारक हे सारे आतले. प्रस्तुत लेखकही आतलाच.

ही भिंत कोणी दान म्हणून बांधून दिलेली नाही. १९४० च्या मार्चमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाईभत्त्यासाठी मोठा संप केला. युद्धामुळे भाव चढत होते, मालकांचे नफे वाढत होते आणि मजुरी तेथेच होती. आज जो भत्ता आपोआप पगारात पडतो, त्याच्यामागे असे कित्येक लढे उभे आहेत. शिवाय भिंत अभेद्यही नाही. १९७४ साली महागाई भडकली असता केंद्र सरकारने कायदा करून वेतनवाढीची संपूर्ण आणि वाढीव महागाईभत्त्याची निम्मी रक्कम सक्तीच्या ठेवीत वळती केली. साथीच्या काळात जानेवारी २०२० पासूनचे भत्त्याचे तीन हप्ते गोठवण्यात आले. जुलै २०२१ पासून भत्ता १७ टक्क्यांवरून २८ टक्के झाला. मधल्या काळाची थकबाकी मात्र मिळाली नाही. तरीसुद्धा, जे थांबले ते पुन्हा सुरू झाले, हे विसरता येत नाही. आतल्या माणसाला वाट पाहावी लागते. बाहेरच्याला वाट पाहण्यासारखेही काही नसते.

भिंतीच्या बाहेर

बाहेर कोण आहे? शेतमजूर, हातगाडीवाला, दुकानातील नोकर, घरकाम करणाऱ्या बाया ही नावे चटकन सुचतात. किमान वेतनाच्या जोडीला विशेष भत्त्याची तरतूद असली, तरी असंघटित क्षेत्रात तिची अंमलबजावणी कितपत होते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु बाहेरचे लोक पाहण्यासाठी फार दूर जायला नको. ते आपल्याच शाळेच्या शिक्षकदालनात शेजारच्या खुर्चीवर बसलेले असतात.

महाराष्ट्रात प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकाचे मानधन कित्येक वर्षे दरमहा ६,००० रुपये होते. १ जानेवारी २०२३ पासून ते १६,००० रुपये झाले. एका फटक्यात दहा हजारांची वाढ म्हणून तिचे स्वागत झाले. पण एवढी मोठी वाढ एकदम द्यावी लागली, याचाच अर्थ मधल्या काळात काहीच दिले गेले नव्हते. त्याच शाळेतील कायम शिक्षकाचा भत्ता त्या वर्षांत कितीतरी वेळा वाढला. दोघे एकाच दुकानातून तूरडाळ घेत होते. महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील अध्यापकांची कथा याहून निराळी नाही.

दुसरे उदाहरण निवृत्तांचे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ हिच्याखालील निवृत्तिवेतन निर्देशांकाशी जोडलेले नाही. सप्टेंबर २०१४ पासून त्याची किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरली, आणि पुढील दहा वर्षांहून अधिक काळ त्या आकड्यात बदल झाला नाही. वर्षाला सरासरी ५ टक्के महागाई धरली, तर दहा वर्षांनंतरच्या हजार रुपयांत आरंभीच्या सुमारे ६१४ रुपयांइतकाच माल येतो. राहिलेले ३८६ रुपये कोणी घेतले, असे त्या निवृत्ताने विचारले, तर त्याला कोणाचेही नाव सांगता येणार नाही. याहून कठोर उदाहरण निराधार वृद्धांचे आहे. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ८० वर्षांखालील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा २००७ साली दरमहा २०० रुपये होता, आणि पुढे दीड दशकाहून अधिक काळ तो २०० रुपयेच राहिला. राज्ये आपापली भर घालतात हे खरे. पण केंद्राच्या हिशेबात म्हातारपणाची किंमत एवढी वर्षे बदललीच नाही.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. कोणीही निर्णय घेऊन ही रक्कम कमी केली नाही. रक्कम रुपयांत लिहिली गेली, आणि ती केव्हा व कशी बदलायची ही ओळ लिहायची राहून गेली.

लाटण्याचा अर्थ

येथे महाराष्ट्राच्या इतिहासातील एक पान उघडले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर आदींच्या पुढाकाराने मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली, आणि स्त्रिया हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. या मोर्चांचे वर्णन पुष्कळदा कौतुकाने होते. त्यांतील आर्थिक विचाराकडे मात्र दुर्लक्ष होते. त्या स्त्रिया भत्ता मागत नव्हत्या. त्यांतील बहुतेकींना पगारच नव्हता. धान्य, तेल, रॉकेल या वस्तू वाजवी भावात मिळाव्यात, ही त्यांची मागणी होती.

या दोन मागण्यांत मोठा फरक आहे. भत्ता पगारदाराला संरक्षण देतो. वस्तूचा पुरवठा पगार नसलेल्यालाही देतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला. तो किलोंत लिहिला असल्यामुळे महागाई त्याला कुरतडू शकत नाही. बाजारात गहू पन्नास रुपयांना गेला, तरी पाच किलो पाच किलोच राहतात. हाच हक्क रुपयांत लिहिला असता, तर त्याची गत त्या २०० रुपयांसारखी होण्यास वेळ लागला नसता. रेशनऐवजी थेट पैसे द्यावेत, असा युक्तिवाद वरचेवर ऐकू येतो. तो करणाऱ्यांनी त्या पैशाला निर्देशांक बांधणार की नाही, या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे.

एक आक्षेप

सगळ्यांचीच उत्पन्ने निर्देशांकाला बांधली, तर पगारामागे भाव आणि भावामागे पगार अशी शर्यत लागून महागाई कधीच आटोक्यात येणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९७३ च्या ऑक्टोबरनंतर खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाले. अशा वेळी तेल आयात करणारा देश खरोखरीच गरीब होतो, आणि ते नुकसान कोणाला ना कोणाला सोसावेच लागते. निर्देशांकाने नुकसान नाहीसे होत नाही.

परंतु हाच युक्तिवाद नीट पुढे नेला, तर तो भिंतीच्या आतल्यांवर येऊन ठेपतो. नुकसान अटळ असेल आणि समाजातील एक गट त्यातून पूर्ण मोकळा राहणार असेल, तर त्याच्या वाट्याचे ओझेही उरलेल्यांच्या डोक्यावर जाते. निवृत्त गिरणी कामगाराला हजार रुपयांवर थांबवून महागाई आवरत असल्याचे सांगणे, आणि त्याच वेळी आतल्यांना वर्षातून दोनदा भरपाई देणे, याला काटकसर म्हणता येणार नाही. संकट सर्वांचे असेल, तर झीजही सर्वांनी थोडीथोडी सोसली पाहिजे. आणि ज्याच्या अंगावर झिजण्यासारखे काही उरलेलेच नाही, त्याला आधी वगळले पाहिजे.

आपला भत्ता सोडून द्यावा, असा याचा अर्थ नव्हे. भत्ता हा न्याय्य हक्क आहे आणि तो लढून मिळवलेला आहे. मागणी आहे ती भिंत रुंदावण्याची. कायदा किंवा शासन-आदेश रुपयांत काही रक्कम ठरवतो, मग ते मानधन असो, निवृत्तिवेतन असो वा शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा असो, त्या प्रत्येक ठिकाणी ठरावीक मुदतीने निर्देशांकानुसार फेरबदल करण्याचे कलम घातले पाहिजे. या सुधारणेला नवे खाते लागत नाही, नवा आयोगही लागत नाही. खर्च येईल हे खरे. पण हा खर्च आजही होतोच आहे. फरक इतकाच की तो सरकारी तिजोरीऐवजी म्हाताऱ्यांच्या औषधांतून आणि तासिकेवरील अध्यापकाच्या मुलांच्या दुधातून भागवला जातो.

शिक्षक आणि लिपिक यांच्या संघटना महाराष्ट्रात जुन्या आहेत, अनुभवी आहेत, आणि निर्देशांकाची भाषा त्यांना उत्तम अवगत आहे. पुढील मागणीपत्र तयार करताना थकीत भत्त्याच्या कलमाखाली आपल्याच संस्थेतील मानधनावरच्या सहकाऱ्यांसाठी एक कलम त्यांनी घालावे. विद्यार्थ्यांनीही एक काम करावे. घरचा एका महिन्याचा जमाखर्च वहीत मांडावा, अन्नाचा, भाड्याचा, औषधांचा वाटा काढावा, आणि वर्षभराने त्याच पिशवीची किंमत पुन्हा मोजावी. अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्रकरणाइतके त्यातून शिकायला मिळेल. मग महागाई दर घटल्याची बातमी वाचताना ‘हा आकडा खरा की खोटा’ एवढ्यावर आपण थांबणार नाही. ही पिशवी कोणाची, या भाववाढीची भरपाई कोणाला मिळाली, आणि कोणाला मिळाली नाही, असे आपण विचारू. हे प्रश्न विचारणारे नागरिक १९६३ साली गिरणगावात होते. आज शाळा-महाविद्यालये आणि कचेऱ्या त्यांहून किती तरी अधिक शिकलेल्या माणसांनी भरलेल्या आहेत. तेथून हे प्रश्न विचारले जाऊ नयेत, असे काही कारण दिसत नाही.